डाळीतल्या प्रथिनांचा माग काढणाऱ्या कमलाबाई

ओपीडीत अशक्त लेकरू घेऊन आलेली आई पुष्कळदा एकच गोष्ट विचारते : प्रोटीनचा कोणता डबा आणू? आपला धाराशिव जिल्हा तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवणारा. प्रथिने शेतात पिकतात, बाजारात जातात आणि त्याच पैशातून महागडा डबा घरी येतो. अशा वेळी मला डॉ. कमला सोहोनी आठवतात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री अशी त्यांची ओळख. पण गरिबाच्या ताटातल्या डाळीला त्यांनी प्रयोगशाळेत मानाचे स्थान दिले, हे मला त्याहून मोठे वाटते.

कमलाबाईंचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. आजची भारतीय विज्ञान संस्था ती हीच. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला, यात नवल नव्हते. नवल पुढे घडले. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेल्या या थोर शास्त्रज्ञाने केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला.

तो काळ गांधीजींच्या चळवळीचा. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश नाकारण्याचे कारण विचारत संचालकांच्या दारात सत्याग्रहाला बसल्या. अखेर रामन नमले, पण अटी घालूनच. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. काम पसंत पडले तरच पुढचा विचार. आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, मात्र हा अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. वर्षभरात कामाने रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे आणखी मुलींसाठी उघडली. तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. त्याच कामावर १९३६ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले. कमलाबाई आधी डेरेक रिश्टर यांच्याकडे आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे आढळले. हे एक छोटे प्रथिन. आपण श्वासात घेतलेला प्राणवायू वापरून पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतली ही एक कडी. माणसाच्या स्नायूत आणि जमिनीखालच्या बटाट्यात श्वसनाची यंत्रणा मुळात एकाच जातीची आहे, हे यातून दिसले. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

परदेशात राहण्याची संधी असूनही त्या त्याच वर्षी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभाग सांभाळून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला, मुंबईत घर झाले आणि तिथल्या विज्ञान संस्थेत, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, त्यांचे सर्वांत मोठे काम सुरू झाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. डाळी-कडधान्यांत प्रथिने भरपूर आहेत, पण ती सगळी अंगी लागतात का? खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचक घटक आतड्यात येतो. कच्च्या कडधान्यात मात्र ट्रिप्सिनला घट्ट धरून ठेवणारी वेगळी प्रथिने असतात. त्यामुळे ट्रिप्सिन निकामी होते आणि पौष्टिक अन्न पोटात जाऊनही त्याचा बराच भाग वाया जातो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रोजच्या खाण्यातल्या कडधान्यांमधले असे घटक शोधले. वाल आणि डबल बी यांतली ही प्रथिने त्यांनी शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळी केली. ते काम १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले.

त्याच वर्षाच्या सुमारास केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिन या प्रथिनाची संपूर्ण रचना उलगडली. आज प्रोटिओमिक्स या शाखेत एका नमुन्यातली हजारो प्रथिने यंत्राने एका दमात ओळखता येतात. कमलाबाईंच्या पिढीला एकेक प्रथिन क्षार, आम्ल आणि थंडी यांच्या मदतीने दिवसेंदिवस खपून वेगळे करावे लागे. आजच्या यंत्रांचा पाया अशा हातांनी घातला आहे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही संशोधन केले. नीरेतली जीवनसत्त्वे आणि लोह कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना उपयोगी पडू शकतात, असे त्यांना दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला. एवढे करूनही हक्काचे संचालकपद मिळायला त्यांना चार वर्षे वाट पाहावी लागली. बंगळूरचे दार एका वर्षात उघडले होते. हे दार उघडायला जास्त वेळ लागला.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या साध्या भाषेत सांगत. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला होता. तिथेच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

त्यांच्या कामातून आपल्या स्वयंपाकघरासाठी काय घ्यावे? कडधान्य भिजवून आणि नीट शिजवून खावे. उष्णतेने ट्रिप्सिन रोखणारी बहुतेक प्रथिने निकामी होतात. सोयाबीन कच्चेच दळून पिठात मिसळू नये. आधी अर्धा तास चांगले उकळावे, उन्हात वाळवावे आणि मग गिरणीत द्यावे. राजमा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. ज्वारीत लायसिन कमी असते, ते डाळ भरून काढते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते ज्वारी देते. म्हणून भाकरी आणि वरण एका ताटात असले की प्रथिनांचे गणित जमते. लेकराचे वजन वाढतच नसेल तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

डब्याबद्दल विचारणाऱ्या आईला मी आधी विचारतो की घरात तूर किती ठेवली आणि किती विकली. सगळीच विकली असेल, तर पुढच्या खेपेला दोन पायल्या लेकरासाठी मागे ठेवायला सांगतो.