विश्लेषण : गैरसमजाचे गणित मांडणारे जॉन हर्सान्यी कोण होते?

शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ शस्त्रकपातीच्या वाटाघाटी करत, तेव्हा समोरच्याचा हेतू काय आणि तो आपल्याविषयी काय समजतो, हे दोघांनाही नक्की ठाऊक नसे. ही अनिश्चितता गणितात बसवली ती जॉन हर्सान्यी यांनी.

बुडापेस्ट ते बर्कली

हर्सान्यी यांचा जन्म १९२० मध्ये बुडापेस्टचा. आईवडिलांचे औषधांचे दुकान होते. ज्यू वंशाचे असल्याने १९४४ मध्ये त्यांना सक्तमजुरीच्या तुकडीत धाडण्यात आले. तुकडीची रवानगी ऑस्ट्रियाकडे होत असताना ते रेल्वे स्थानकावरून निसटले आणि एका जेझुइट धर्मगुरूने त्यांना मठाच्या तळघरात लपवले. पुढे कम्युनिस्ट राजवटीतही जगणे अवघड झाल्याने १९५० मध्ये ते सीमा ओलांडून निघाले आणि ऑस्ट्रेलियाला पोहोचले. तिथे दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी अर्थशास्त्राचे शिक्षण, असा दिनक्रम होता. १९६४ मध्ये ते बर्कली विद्यापीठात आले.

अडचण काय होती?

तोवरच्या गेम थिअरीत प्रत्येक खेळाडूला दुसऱ्याचा नफा-तोटा माहीत असल्याचे गृहीत धरले जाई. प्रत्यक्ष संघर्षात तसे नसते. मग ‘त्याला काय वाटते, मला काय वाटते असे त्याला वाटते’ ही साखळी संपतच नाही.

तोडगा काय निघाला?

अमेरिकी शस्त्रनियंत्रण संस्थेसाठी संशोधन करतानाच त्यांनी १९६७-६८ मध्ये तीन भागांत निबंध प्रसिद्ध केला. खेळाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या निघतात, अशी त्यांची कल्पना. प्रत्येक पक्षाचे काही संभाव्य ‘प्रकार’ असतात : शांतताप्रिय, आक्रमक वगैरे. आपली चिठ्ठी आपल्याला दिसते. दुसऱ्याच्या चिठ्ठीची फक्त शक्यता माहीत असते. त्याची चाल पाहून ती शक्यता बदलत जाते.

समजा, एका देशाने भीतीपोटी सीमेवर सैन्य हलवले. शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटली आणि त्यानेही सैन्य आणले. दोघेही शांतताप्रिय, तरी युद्ध दारात. किती संशयाला अशी वेळ येते, हे या पद्धतीने मोजता येते.

मर्यादा कोणती?

सुरुवातीच्या शक्यतांबाबत दोन्ही पक्षांचे एकमत असते, हे यातले गृहीतक. इतिहासाकडेच वेगळ्या नजरेने पाहणाऱ्यांना ते लागू पडत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी ते सैल करून पाहिले.

१९९४ मध्ये जॉन नॅश आणि राइनहार्ड झेल्टन यांच्यासह हर्सान्यी यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी बर्कलीत त्यांचे निधन झाले. लिलावांपासून विम्यापर्यंत त्यांची पद्धत आज वापरली जाते.