आनंदीबाईंचा अर्ज

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. यंदा ते मी लिहावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याचा हिशेब आणि भिशीची यादी यापलीकडे हातात लेखणी धरण्याचा प्रसंग येत नाही. परंतु गेल्या श्रावणात आमच्या घरी एक अर्ज लिहिला जात होता आणि त्या अर्जापायी मी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचले. तेव्हा जे वाचले आणि जे मनात आले, तेवढेच येथे सांगते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

माझी थोरली मुलगी औषधनिर्माणाची पदवी घेऊन बसली आहे. तिला पुढे शिकावयास परदेशी जावयाचे आहे. तिकडची विद्यापीठे नुसते गुण पाहत नाहीत. तू कोण, हाच विषय का, आमच्याकडेच का आणि शिकून पुढे काय करणार, हे दीड-दोन पानांत लिहून मागतात. रात्री जेवणे आटोपली की मुलगी संगणकासमोर बसे आणि लिहिलेले पुसून टाकी. एके रात्री मी तिला म्हटले की, मला इंग्रजी कळत नाही, तू ते मराठीत वाचून दाखव. तिने वाचले. ऐकून मला आपल्याकडच्या लग्नपत्रिकेची आठवण झाली. वरची देवांची नावे सगळ्यांची सारखीच. खालचे नाव झाकले तर लग्न कोणाचे ते समजू नये. तसेच ते झाले होते. विषयाची आवड, कष्टाची तयारी, विद्यापीठाचा लौकिक, सगळे होते. माझी मुलगी मात्र त्यात कोठे नव्हती.

मला यातले काय कळणार? पण आनंदीबाईंनीही असाच एक अर्ज केला होता, एवढे मी ऐकून होते. दुसऱ्या दिवशी भाजी आणावयास गेले ती तशीच सार्वजनिक वाचनालयात गेले आणि पुस्तक घेऊन आले.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीचा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले आणि ती आनंदी गोपाळ जोशी झाली. यजमान गोपाळराव पोस्टात कारकून होते. बिजवर, आणि वयाने तिच्याहून पुष्कळ मोठे. आपण नाशकाहून पुण्याला जाताना जे संगमनेर लागते, तेथले हे जोशी घराणे.

गोपाळराव विलक्षण माणूस. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास. इतर घरी नवरा स्वयंपाक बिघडला म्हणून रागावे, हे गृहस्थ अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून रागावत. आपण हे कौतुकाने सांगतो, पण त्यातला दुसरा भाग सांगावयाचे टाळतो. लहानपणी आपल्याला मार कसा बसला, हे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून गोपाळरावांनाच पत्रात लिहून कळविले आहे. मारून शिकविले ते चांगलेच झाले, असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या हट्टाने ती शिकली हे खरे आहे आणि त्या हट्टाने तिला दुखविले हेही खरे आहे.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्या काळी बाईला तपासावयाला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मेलेले बरे, अशी घराघरातली समजूत. त्या दहा दिवसांनी आनंदीबाईंच्या आयुष्याची वाट ठरली. आपण डॉक्टर व्हावयाचे, ही गोष्ट येथून त्यांची स्वतःची झाली.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग झाले, कोल्हापूर झाले, पुढे कलकत्त्याकडे गेले. कोल्हापुरास असताना १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन पाद्र्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल का, असे विचारले. ख्रिस्ती व्हा, असा सल्ला आला. तो त्यांनी मानला नाही. परंतु ती पत्रे त्या पाद्र्याच्या मासिकात छापून आली. १८८० साली न्यूजर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या असता तेथे पडलेल्या त्या मासिकात त्यांच्या ती वाचनात आली. कोठले कोल्हापूर आणि कोठले रोझेल! त्या बाईंनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि मावशी-भाचीचे नाते जुळले. कलकत्त्यास आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे. डोके दुखे, ताप येई, धाप लागे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठविली, पण गुण आला नाही.

आता कोठे शिकावयाचे, हा प्रश्न होता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला होता. म्हणजे देशात वाट अगदीच नव्हती असे नाही. तरी आनंदीबाईंनी अमेरिकेकडे पाहिले. तिकडच्या एका डॉक्टर दांपत्याने फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया सुचविले. हे कॉलेज १८५० साली निघालेले, केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी. शिकणाऱ्याही बायका आणि शिकविणाऱ्यांतही बायका. जिला बायकांसाठीच डॉक्टर व्हावयाचे, तिने असे ठिकाण निवडावे यात नवल नाही.

परंतु कॉलेजच्या आधी आपल्याच लोकांना उत्तर द्यावयाचे होते. बाई एकटी समुद्र ओलांडून जाणार म्हटल्यावर चहूकडून टीका झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात (हे श्रीरामपूर आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे) त्या सतरा वर्षांच्या मुलीने उभे राहून इंग्रजीत भाषण केले. लोक जे प्रश्न मागे कुजबुजत होते, तेच तिने स्वतः पुढे मांडले. अमेरिकेला का जाते? येथे शिकता येत नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? संकट आले तर काय करशील? आजवर कोणी केले नाही ते तू का करतेस? एकेका प्रश्नाला तिने शांतपणे उत्तर दिले. येथील शिक्षण अपुरे आहे आणि शिकणाऱ्या बाईची रस्त्यावर कशी टवाळी होते, ते तिने सांगितले. यजमान का येऊ शकत नाहीत, तेही सांगितले. घरी वडीलधारी आणि लहान माणसे होती, त्यांना कोणावर टाकावयाचे? आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे तिने सर्वांसमक्ष कबूल केले.

एप्रिल १८८३ मध्ये वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी झालेल्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटरबाईंनी त्यांना रोझेलला आपल्या घरी नेले. तेथूनच जूनच्या अखेरीस त्यांनी कॉलेजच्या अधिकाऱ्यांना तो अर्ज पाठविला.

भगिनींनो, त्या अर्जासाठीच मी हे चरित्र वाचावयास घेतले होते. त्यात मोठेपणा नाही. प्रवेशासाठी लागणारी तयारी आपली पुरी नाही, हे त्यांनी लपविले नाही. आपली गोष्ट निराळी आहे, ती ध्यानात घेऊन थोडी सवलत द्यावी, अशी विनंती केली. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयाने इथवर आले, तोच निश्चय पुढे उपयोगी पडेल, असे लिहिले. आणि ज्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी हे शिकावयाचे आहे, असे स्पष्ट सांगितले. बस, एवढेच. काय कमी आहे, काय जवळ आहे आणि कोणासाठी शिकावयाचे आहे. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

त्या अर्जात आणखी एक ओळ आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. आपली प्रकृती चांगली आहे, असे आनंदीबाईंनी त्यात लिहिले होते. कलकत्त्याचा ताप आणि डोकेदुखी आपण आता वाचलीच. मग त्यांनी खोटे लिहिले का? मला तसे वाटत नाही. जिला जावयाचेच असते, तिला आपले दुखणे दुखणे वाटत नाही. आपण बायका अंगात ताप असताना पुरणाचा स्वयंपाक करून उठतो आणि कोणी विचारले तर काही नाही म्हणतो, त्यातलाच तो प्रकार.

ऑक्टोबर १८८३ पासून शिक्षण सुरू झाले. फिलाडेल्फियाची थंडी कडाक्याची. राहण्याच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर, न पेटवावी तर गारठा. आहार शाकाहारी, नेसणे साडीचे. तशाच त्या शिकल्या. पुढे गोपाळरावही तेथे पोचले. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला. शिकावयास गेल्या अमेरिकेत, पण लिहिले ते आपल्या घरच्या बाळंतपणाविषयी. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. एकीने देशात राहून केले, एकीने परदेशी जाऊन.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण तोवर क्षयाने त्यांना ग्रासले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या. ज्यांनी नावे ठेवली होती, त्यांतलेही पुष्कळ आता कौतुकाने पाहावयास आले. उपचार पुष्कळ झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या इस्पितळाची पायरी त्यांना चढता आली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या जतन केल्या. परक्या देशातल्या मावशीने नाते असे शेवटपर्यंत पाळले.

पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी आली आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. तो आपल्यातील बऱ्याच जणींनी पाहिला असेल.

पुस्तक वाचून झाल्यावर मी मुलीला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने मला एक आठवण विचारली. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता. त्यांना अक्षरओळख नव्हती. सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी घेऊन त्या एकदा चांगल्याच आजारी पडल्या. तेव्हा ही शाळेत जाणारी पोर; तिने पुड्यांवर कागद चिकटवून एकावर सूर्य काढला आणि दुसऱ्यावर चंद्र. पुन्हा चूक झाली नाही. औषध तयार होते, पण ते घेणाऱ्यापर्यंत नीट कसे पोचावे, हे शिकावयाचे म्हणूनच ती जाऊ म्हणते. मला हे माहीत नव्हते. मला वाटे, मैत्रिणी जातात म्हणून हीही जाते.

मग तिने अर्ज नव्याने लिहिला. त्यात सूर्य-चंद्र आले, आजी आली. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला होता, तेही तिने लिहिले. ते लिहू नये, असे ह्यांचे मत होते. मी म्हटले, लिहू द्या. विद्यापीठेही तिने पुन्हा पारखली. मोठ्या नावाची दोन यादीतून गेली; जेथे तिला हवे ते शिकवितात, ती तीन राहिली.

खरे सांगावयाचे तर तिने जाऊ नये, असेच मला आतून वाटत होते. कर्ज काढावे लागेल, त्याचा घोर आहेच. त्याहून अधिक भीती एकटेपणाची आणि दुखण्याची. आनंदीबाईंचे चरित्र वाचून ती भीती कमी झाली नाही, उलट वाढलीच. तरी मी हो म्हटले आहे. माझी शाळा सातवीनंतर सुटली, तेव्हा मला कोणी काही विचारलेच नव्हते. तिला निदान विद्यापीठे तरी विचारीत आहेत. मात्र मी तिच्याकडून एक वचन घेतले आहे. अर्जात काय लिहावयाचे ते लिही, पण घरी लिहिताना प्रकृती चांगली नसेल तर चांगली आहे म्हणून लिहू नकोस.

एका विद्यापीठाचा नकार आला आहे. दोघांचे उत्तर यावयाचे आहे.

आपल्यापैकी कोणाची मुलगी किंवा सून असा अर्ज लिहीत असेल, तर तिला गुरुवारच्या बैठकीला अवश्य घेऊन यावे. इंग्रजी आम्हा सगळ्यांनाच येते असे नाही. तिने मराठीत वाचून दाखवावे, आम्ही ऐकू. त्यात ती मुलगी दिसते की नाही, एवढे आम्हाला नक्की सांगता येईल.