बेथेल वसविणारे नारायण शेषाद्री



जालन्याजवळचे बेथेल गाव आपल्या परिचयाचे आहे. बेथेल म्हणजे देवाचे घर. याकोबाने उशाचा दगड उभा करून एका जागेला हे नाव दिले होते. आपल्याकडचे बेथेल वसविले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

ब्राह्मण कुटुंबातील नारायणरावांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. पण तो अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. भावाभावांची ताटातूट झाली.

१८५४ साली नारायणराव पाळक झाले. पुढे निजामाच्या राज्यातील जालन्यात त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः मांग व महार समाजातील लोक. गावच्या विहिरीवर ज्यांना मज्जाव होता, त्यांच्यासाठी नारायणरावांनी दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून गावच उभारले. ज्यांना शिवू नये असा रिवाज होता, त्यांच्यातच ते राहिले. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

ते प्रॉटेस्टंट, आपण कॅथलिक. पण प्रश्न एकच आहे. आपल्या धर्मग्रामात नवे कुटुंब आले, तर आपण आधी त्यांची जात विचारतो की पाणी?