विश्लेषण : धमनी शिवायला सर्जन कुठे शिकतो? केईएमचे डॉ. पी. के. सेन यांनी काय केले होते?

वाशिम जिल्ह्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, जागा १००. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शरीररचना शिकण्यासाठी मृतदेह लागतो. पुढे सर्जन होणाऱ्यांसाठी आता हाच देह रक्तवाहिनी शिवण्याच्या सरावालाही वापरला जातो. ही सोय नव्हती तेव्हा काय व्हायचे? त्यासाठी डॉ. पी. के. सेन यांची गोष्ट माहीत हवी.

कोण होते डॉ. सेन?

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ मध्ये कोलकात्यात झाला. डॉक्टर मात्र ते परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले आणि नाव कमावले तिथल्याच केईएम रुग्णालयात. मधल्या काळात अमेरिकेत प्रशिक्षण झाले. महाधमनीचा मधला भाग अरुंद होण्याच्या आजारावर त्यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये लिहिलेला शोधनिबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. ते चित्रेही काढत.

सराव कशावर?

कुत्र्यांवर. केईएममध्ये त्यासाठी प्रयोगशाळा होती आणि माणसाकडे वळण्याआधी सेन यांच्या टीमने तिथे काही वर्षे हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग केले. आज हे वाचताना खटकते. पण रक्तवाहिनीचे काम पाहून जमत नाही. टाका सैल पडला तर गळती, जास्त ओढला तर वाहिनी अरुंद आणि आतला थर नीट जुळला नाही तर गुठळी.

१९६८ मध्ये काय घडले?

केपटाऊनमध्ये डिसेंबर १९६७ मध्ये जगातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण झाले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले केले. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयत्नातला रुग्णही वाचला नाही. त्या वेळी मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता नव्हती. ती १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले. ते पाहायला सेन नव्हते, १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले होते. दोन रुग्ण दगावले एवढ्यावर त्यांचे काम निकालात काढणे चुकीचे ठरेल.

आज मृतदेहावर सराव कसा होतो?

अडचण साधी आहे : मृतदेहात रक्त फिरत नाही, धमन्या चपट्या पडतात. फॉर्मालिनमुळे त्या कडकही होतात. म्हणून गोठवून ठेवलेला किंवा मऊपणा टिकवणाऱ्या द्रावणातला देह घेतात. मोठ्या धमनीत नळी घालून ती पंपाला जोडतात आणि लाल रंगाचे द्रव दाबाने सोडतात. इंजिनीअरिंगवाल्यांना हे पाइपलाइनच्या प्रेशर टेस्टसारखे वाटेल. पंप ठोक्यासारखा चालवला की धमनी उडते, चिरली की द्रव उसळते. चिमटा कुठे लावायचा, टाका कसा घ्यायचा, हे खऱ्या मानवी शरीरात कळते आणि गळती लगेच दिसते. रक्त गोठणे मात्र यात शिकता येत नाही. कुत्र्यावरच्या प्रयोगात ते दिसायचे.

देह येतो कुठून?

१९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार बेवारस मृतदेह आणि स्वेच्छेने केलेले देहदान, असे दोन मार्ग आहेत. धमन्यांच्या सरावासाठी देह लवकर पोहोचावा लागतो. त्यामुळे देहदानाचा अर्ज भरून ठेवला असला, तरी मृत्यूनंतर महाविद्यालयाला तातडीने फोन करण्याचे काम घरच्यांचेच असते.