विधवांना नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या रमाबाई रानडे

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा असते. पोरीला नर्सिंगला घालायचं का? बीएस्सी की जीएनएम? कॉलेज बेळगावचं, कोल्हापूरचं की गोव्यातलं? फी किती, होस्टेल कसं, नोकरी कुठं लागेल, एवढेच प्रश्न. चांगल्या घरातल्या मुलीनं हे काम करावं का, असं आज सहसा कुणी विचारत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पहिला प्रश्न तोच होता. तो मागं पडावा म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांत रमाबाई रानडे यांचं नाव आघाडीवर आहे.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्रे गावच्या. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येतं. माहेर कुर्लेकरांचं, नाव यमुना. मुलींना शिकवायची त्या घरात रीत नव्हती. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक म्हणवणारा हा माणूस विधवेशी लग्न करील, अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या शब्दापुढं त्यांचं काही चाललं नाही. त्यावरून त्यांच्यावर टीकाही खूप झाली.

रानड्यांनी या लहानग्या बायकोला स्वतः शिकवायला घेतलं, आधी मराठी आणि मग इंग्रजी. घरातल्या बायकांना ते खपत नव्हतं. टोमणे, अबोला, कामाचा डोंगर, सगळं सोसून रमाबाई शिकत राहिल्या. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली होती, तेव्हा गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचलं. सभेत टाळ्या मिळाल्या, पण घरी बोलणी खावी लागली. ती शाळा म्हणजे १८८४ साली सुरू झालेली हुजूरपागा.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. मूलबाळ नव्हतं. रमाबाईंचं वय अडतीसच्या आसपास. त्या काळी अशा बाईनं कोपऱ्यात बसून पोथी वाचायची, असाच दंडक होता. रमाबाई काही काळ घरातच राहिल्या, पण नंतर बाहेर पडल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, दवाखान्यातल्या रुग्णांची विचारपूस करू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं होतं. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यातही सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर संघटनेचं काम बघत, रमाबाई अध्यक्ष. शिवण, लेखन-वाचन असे वर्ग होतेच. पण बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारं काम पाहिजे, हे रमाबाईंना कळलं होतं. म्हणून पुढच्या काही वर्षांत सेवासदनच्या विधवा आणि टाकलेल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग आणि सुईणपण शिकायला जाऊ लागल्या.

आज हे वाचताना साधं वाटतं. पण तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, आणि तेही सोवळ्यात वाढलेल्या विधवेनं! लोक काय म्हणतील, ही भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होती. म्हणून राहायला सुरक्षित वसतिगृह आणि मागं उभी राहणारी संस्था, या दोन गोष्टी शिकवणीइतक्याच गरजेच्या होत्या.

एका बक्षीस समारंभाची गोष्ट अजून सांगितली जाते. शिकणारी एक विधवा व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाईंना ते फार लागलं. तुमच्यापैकी कुणाच्याच घरी विधवा बहीण किंवा आत्या नाही का, अशा अर्थाचं विचारून त्यांनी त्या शिकलेल्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. तोवर मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या होत्या.

त्यानंतर शिक्षण पार बदललं. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानं देशभरासाठी नर्सिंग कौन्सिल आलं. तेव्हाची बाई थेट वॉर्डात, सिस्टरच्या हाताखाली शिकायची. आताची मुलगी आधी पुतळ्यावर इंजेक्शनचा सराव करते, चार वर्षांत शरीरशास्त्रापासून मानसोपचारापर्यंत शिकते, संगणकावर नोंदी ठेवते. मुलगेही शिकतात, त्यांना ब्रदर म्हणतात.

पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि सीमाभागात पेशंट कधी मराठीत कण्हतो, कधी कन्नडमध्ये, कधी कोकणीत. त्याचं दुखणं समजून घ्यायला आजही माणूसच लागतं. आपल्या घरातून एखादी पोर बॅग भरून नर्सिंगच्या होस्टेलला निघाली, की तिला रमाबाईंची ही गोष्ट एकदा जरूर सांगा. तिच्यासाठी हा रस्ता कुणीतरी बोलणी खाऊन मोकळा केलेला आहे.