रमाबाई रानडे यांची फुरसत

रमाबाई रानडे यांचे नाव आपल्या मंडळात बहुधा न्यायमूर्तींच्या पत्नी किंवा सेवासदनाच्या संस्थापिका म्हणून निघते. येथे लिहायचे आहे ते त्यांच्या फुरसतीविषयी.

जन्म 1862 चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. 1873 साली लग्न झाले तेव्हा वय अकरा, आणि अक्षरओळख नाही. माधवरावांनी लगेच धडे सुरू केले. पण दिवसा घरात वडीलधाऱ्या बायका, त्यांना हे वाचन मुळीच खपत नसे. त्यामुळे अभ्यास रात्री नाही तर पहाटे. म्हणजे मोकळा वेळ असा नव्हताच; झोपेतून काढलेला तो वेळ होता. टोमणे सोसून त्या मराठी शिकल्या, इंग्रजीही शिकल्या. ही विद्या पुढे कशाला उपयोगी पडणार, हे तेव्हा त्यांना कोणी सांगू शकले नसते.

1901 साली माधवराव गेले. पतीच्या दिनक्रमाला बांधलेला दिवस एकदम रिकामा झाला. पोटी मूल नव्हते, पोटापाण्याची ददात नव्हती. त्या काळच्या विधवेने अशा वेळी काय करावे, हे जगाने ठरवूनच ठेवले होते: देवपूजा, पोथी आणि एक कोपरा. काही काळ रमाबाईही एकांतात राहिल्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. घरोघर बायकांच्या दुपारी रिकाम्या जात होत्या, आणि कित्येकींना, विशेषतः विधवांना, स्वतःची कमाई हवी होती.

1909 साली पुण्यात सेवासदन निघाले, ते त्यांच्याच वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधरांची साथ होती. वर्ग दुपारचे, म्हणजे घरचे आवरून बायकांना येता यावे. मला स्वतःला त्यांचे मोठेपण या वेळापत्रकात दिसते! कोणी नुसते लिहिणे-वाचणे शिके, कोणी शिवण, कोणी गायन. जिला मिळवायचे होते, तिच्यासाठी शिक्षिकेचा मार्ग होता, आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षणही होते. हे दुसरे काम सोपे नव्हते. परक्या रोग्याची शुश्रूषा पांढरपेशा घरातील मुलीने करायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. घरच्यांची समजूत घालणे, हाही मग रमाबाईंचाच उद्योग झाला.

त्यांची स्वतःची फुरसत येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटण्यात आणि रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस करण्यात जाई. 1924 साली त्या वारल्या.