कान्होजी जेधे : वतनावर सोडलेले पाणी

पनवेलच्या पूर्वेला दिसणारी सह्याद्रीची रांग ओलांडली की मावळ प्रांत लागतो. तेथे खोऱ्याखोऱ्यांत नांदणारे देशमुख हे विजापूरच्या आदिलशाहीचे वतनदार होते. वतनासाठी ते आपसांतही झुंजत. रोहिड खोऱ्यातील कारी गावचे देशमुख कान्होजी जेधे यांचे चरित्र या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयाचे आहे.

कान्होजी प्रथम शहाजीराजांच्या पदरी होते. त्यांच्याच सांगण्यावरून ते शिवाजी महाराजांकडे आले. १६५९ मध्ये अफजलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा खानाला सामील व्हावे असे आदिलशहाचे फर्मान कान्होजींनाही आले. त्याच खोऱ्यातील खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी मात्र आपल्या पाच पुत्रांसह महाराजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले.

या कृतीचे मोल ‘वतन’ या शब्दात शोधावे. अरबी-फारसीत त्याचा अर्थ मायभूमी. मराठीत तो वंशपरंपरागत हक्क व उत्पन्न असा रूढ झाला. म्हणजेच कान्होजींनी पुढील पिढ्यांची भाकर पणाला लावली. त्यांच्या पुढाकाराने इतर मावळी देशमुखही एकवटले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि रानात दबा धरून बसलेले मावळे त्याच्या फौजेवर तुटून पडले.

पुढे १६६० मध्ये कान्होजी निवर्तले. जेधे करीना आणि जेधे शकावली वाचताना एवढे अवश्य पाहा : एका अर्थाचे वतन सोडणाऱ्या या पुरुषाने दुसऱ्या अर्थाचे वतन मिळविले, असे म्हणता येईल काय?